लेकी बोले सुने लागे : गोष्टीच्या जोरावर जगलेल्या बायका

मलप्रभाकाठ

मंडळी, बरेच महिने हे मनात घोळत होतं. आज पाऊस लागून राहिलाय, वीज आहे तोवर लिहून टाकते. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं मूळ घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. तिथला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. चार महिने माणसं घरात कोंडलेली. माझी आज्जी चौदा वर्षांची असताना त्या घरात सून म्हणून आली. थोरली जाऊ तिच्याहून चार वर्षांनी मोठी, तिच्या अंगावर पितं पोर. सासू आधीच गेलेली. सासरे, म्हणजे आज्जीचे मामंजी, दिवस मावळला की पिऊन येत. भाकरी कडक झाली, पाण्याचा तांब्या द्यायला वेळ लागला, एवढं निमित्त पुरायचं. पडवीच्या कोपऱ्यात चिव्याची काठी कायम उभी. आज्जीच्या डाव्या मनगटावर मोडून जुळलेल्या हाडाचा उंचवटा होता. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवायला लागले की ती हात काढून घ्यायची.

एका रात्री दोघी जावा चुलीपुढं फणसाच्या आठळ्या सोलत बसल्या होत्या. थोरलीला त्या दिवशी मार बसला होता आणि तिचं रडू थांबेना. रडण्याचा आवाज पडवीत गेला तर परत उठतील, ही भीती. म्हणून आज्जीनं तिला गप्प करायला गोष्ट सुरू केली. माहेरी ऐकलेली, कुठल्याशा राजाची. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की पडवीतला खोकला थांबलाय.

हे ती आम्हाला सांगायची तेव्हा आवाज अगदी खाली आणायची. “खोकला थांबला, तवा मला कळलं. कान इकडं आल्यात.”

मग तिनं गोष्ट मधेच सोडली. “झोप आली गे, राहिलेली उद्या,” म्हणाली आणि चुलीवर राख ओढली. दुसऱ्या दिवशी मामंजी दिवस असतानाच घरी आले. न पिता. जेवले, घोंगड्यावर आडवे झाले, आणि गप्प पडून राहिले. आज्जीनं जावेला गोष्ट सांगितली. पुन्हा अर्धी.

असं किती दिवस चाललं ते तिला मोजता यायचं नाही. भात कापणीला येईपर्यंत, एवढंच म्हणायची. त्या माणसानं शेवटपर्यंत तिला एकदाही “गोष्ट सांग” म्हटलं नाही. एकदा मात्र सकाळी तोंड धुताना थोरलीला विचारलं, “काल ती पुढं काय सांगितली गे?” थोरली म्हणाली, “मला झोप लागली की, मामंजी.” ती जागी होती. पण सांगून टाकलं असतं तर संध्याकाळी ते कशाला वेळेवर आले असते?

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. आमच्या शेजारी शहापुरात एक जैन काकू राहतात, घराणं मूळचं राजस्थानातलं. चातुर्मासात त्या प्रवचन ऐकून येतात आणि मला कथा सांगतात. मागच्या वर्षी त्यांनी कनकमंजरीची सांगितली. चिताऱ्याची मुलगी. बापाला जेवण घेऊन जाताना भर बाजारात एक स्वार घोडा उधळत येतो, ती कशीबशी वाचते. बाप राजाच्या चित्रशाळेत काम करत असतो. ती तिथं बसल्या बसल्या जमिनीवर मोराचं पीस रंगवते, इतकं हुबेहूब की राजा ते उचलायला वाकतो आणि त्याचं नख मोडतं. ती हसते. म्हणते, मूर्खांच्या बाजेला तीन पाय होते, आज चौथा मिळाला. पहिला, गर्दीत घोडा पळवणारा. दुसरा राजा, ज्यानं घरात दहा हात असलेल्या चिताऱ्याला आणि माझ्या एकट्या म्हाताऱ्या बापाला भिंतीचा सारखाच वाटा दिला. तिसरा माझा बाप, गरम जेवण आलं की परसाकडे जातो. आणि चौथे तुम्ही, रंगवलेलं पीस उचलायला निघालात!

राजा तिच्याशी लग्न करतो. पण राण्या पुष्कळ, आणि प्रत्येकीची पाळी ठरलेली. हिची पाळी येते तेव्हा ती आपल्या दासीला, मदनिकेला, शिकवून ठेवते : राजा डोळे मिटून पडला की तू मला गोष्ट विचार. मदनिका विचारते. ही सांगते : एका माणसानं एका हाताचं देऊळ बांधलं आणि त्यात चार हातांचा देव बसवला. मदनिका म्हणते, “बाईसाहेब, एका हाताच्या देवळात चार हातांचा देव मावेल कसा?” ही म्हणते, “आता झोप आलीय. उद्या सांगेन.” राजा झोपेचं सोंग घेऊन सगळं ऐकत असतो. दुसऱ्या रात्री दुसऱ्या राणीची पाळी, पण तो येतो इथंच. देव चार हात उंच नव्हता, त्याला हात चार होते! आणि लगेच पुढची गोष्ट. सहा महिने राजा दुसरीकडे गेला नाही.

काकू सांगत होत्या आणि माझ्या अंगावर काटा आला. आमच्या स्वयंपाकघरात हेच घडलं होतं. ‘अरेबियन नाइट्स’मधल्या शहरजादचंही तेच, रोज नवी बायको मारणाऱ्या सुलतानापासून ती गोष्टी सांगून वाचते. सुलतानाला ती थेट गोष्ट सांगायला बसत नाही. धाकटी बहीण म्हणते, ताई, रात्र सरेपर्यंत एखादी गोष्ट सांग, आणि सुलतान ऐकतो. आपण शहरजादच्या हुशारीचं कौतुक करतो ते अर्धी गोष्ट सोडण्याबद्दल. मला वाटतं खरी युक्ती त्याच्याही आधीची आहे. ज्याच्या हातात काठी आहे त्याच्याशी बोलायचंच नाही. शेजारणीशी बोलायचं. त्याला चोरून ऐकू द्यायचं. आपल्याकडं ‘लेकी बोले सुने लागे’ म्हणतात ते टोमणा मारण्यासाठी. इथं तीच रीत जीव वाचवायला कामी आली.

तुमच्या घरात, गावात अशा कथा असतील तर इथं लिहा. मराठी, कन्नड, कोकणी, कुठलीही.

आणि एक मदत हवी आहे. आज्जीची एक गोष्ट अर्धीच राहिली. ती अशी : एक म्हैस चरायला गेली. तिला एक हिरवंगार झाड दिसलं. मान ताणली, जीभ काढली, पाल्याला तोंड पोचेना. मग रागानं वळली आणि त्या झाडाच्या शेंड्यावर शेण टाकून गेली. तोंड पोचलं नाही तर शेण शेंड्यावर कसं पडलं? आम्ही विचारलं की आज्जी म्हणायची, “उद्या.” ती गेली, आणि उत्तर तिच्याबरोबर गेलं.

तांबडीमाती

दोनदा वाचलं. माझी पणजी उचगावची. गोष्ट सांगताना आम्ही “हूं” म्हटलं नाही की ती तिथंच थांबायची. अंधारात आम्ही पाच-सहा पोरं, कोण जागं आहे ते तिला दिसायचं नाही, हुंकारावरून कळायचं. शेवटी एकाचाच हूं उरायचा. तो बंद झाला की गोष्ट संपली, मग राक्षस दारात उभा असेना का.

म्हैस डोंगरकड्यावर असेल का? झाड खाली दरीत?

मलप्रभाकाठ

दरीचं मीही आज्जीला म्हटलं होतं. “जवळ आलीस, पण न्हाई,” एवढंच बोलली.

निपाणीची नात

अर्धी गोष्ट म्हटल्यावर मला सगळ्यात आधी भोपळ्यातली म्हातारी आठवली. वाटेत वाघ भेटतो, खाऊ का म्हणतो. ती म्हणते, “लेकीकडं जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग तू मला खा.” शहरजादचा ‘उद्या’ तो हाच की! आणि परत येताना भोपळ्यात बसून “कुठली म्हातारी, कुठली कोतारी, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक.” तीन वर्षांच्या पोरालाही कळतं की इथं अंगातली ताकद कामाची नाही, तोंडानं वेळ काढायचा आहे. चिमणीसुद्धा तेच करते. कावळा दार वाजवतो आणि ती आतून म्हणते, थांब, बाळाला न्हाऊ घालते, थांब, बाळाला तीट लावते.

पण तुमचा नियम इथं लागू होत नाही, ताई. म्हातारी सरळ वाघाच्या तोंडावर बोलते. मधे बहीण नाही, दासी नाही.

दुसरं म्हणजे आमच्याकडच्या विड्यांचं. माझी मावशी निपाणीत विड्या वळायची. पाच-सहा बायका एका सोप्यात मांडीवर सूप घेऊन बसायच्या, भिजवून कापलेली पानं, चिमटीनं तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. तोंडं मोकळी, हात गुंतलेले, म्हणून दिवसभर गोष्टी. त्यात एक म्हातारी फार रंगवून सांगायची, पण सांगताना तिचा हात मंदावायचा. तिचे हजार भरायचे नाहीत. मग संध्याकाळी प्रत्येक बाई आपल्या सुपातल्या दहा-वीस विड्या उचलून तिच्या सुपात टाकायची. कुणी ठरवलं नव्हतं. ती म्हातारी एकटी होती आणि त्या विड्यांवर तिचं पोट चालत होतं. गोष्टीनं माणूस जगतं ते मी असं बघितलंय.

मलप्रभाकाठ

विड्यांचं वाचून घशात काहीतरी अडकलं. यासाठीच धागा काढला होता.

म्हातारीचं तुमचं बरोबर आहे, माझा नियम तिथं अडतो. पण ती वाघाला गोष्ट सांगत नाही, सौदा करते. आत्ता मूठभर हाडं खाशील, थांबलास तर पोटभर मिळेल. वाघाशी सौदा होतो, कारण त्याला भूक असते. आमच्या मामंजींना कसली भूक होती ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्याशी सौदा कशाचा करणार?

जुनी पोथी

धागा उत्तम. थोडी भर घालतो.

शहरजादच्या कथेचा हाती लागलेला सगळ्यात जुना पुरावा म्हणजे कागदाचा एक तुकडा. त्याच्यावर कुणीतरी पुढं दुसराच मजकूर लिहिला, त्यात हिजरी २६६, म्हणजे इ.स. ८७९ अशी तारीख आहे. तो सध्या शिकागोला आहे. हजार रात्रींच्या गोष्टींचं नाव आणि सुरुवातीच्या थोड्या ओळी, एवढंच त्यावर उरलंय. आणि त्या थोड्या ओळींत काय आहे? दीनाजाद शीराजादला (म्हणजे दीनारजाद शहरजादला) म्हणते, झोपली नसशील तर कबूल केलेली गोष्ट सांग. सुलतान, कत्तल, वजीर यातलं काही त्या तुकड्यावर टिकलं नाही, गोष्ट मागणारी तेवढी टिकली. तुमचा मुद्दा वाचला आणि हे चटकन आठवलं.

दुसरं. बगदादच्या इब्न अन-नदीमनं दहाव्या शतकात ग्रंथांची मोठी यादी केली, तीत ‘हजार अफसान’ या फारसी पुस्तकाची हकिकत दिली आहे. त्यात दीनारजाद ही राजाच्या वाड्यातली कारभारीण आहे, आणि ती शहरजादला या युक्तीत साथ देते. आज आपण जी बहीण म्हणून ओळखतो ती तिथं मदनिकेसारखी घरातली बाई आहे. कनकमंजरीची कथा जैनांच्या उत्तराध्ययन सूत्रावरच्या देवेंद्रांच्या अकराव्या शतकातल्या प्राकृत टीकेत येते. कोणी कोणाकडून घेतलं यावर विद्वानांनी बरीच शाई खर्च केली आहे. व्यापारी, साधू आणि लग्न होऊन परगावी गेलेल्या मुली, या तिघांबरोबर गोष्टी फिरतात एवढं मी धरून चालतो.

मराठीत अरबी गोष्टी आणल्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी, एकोणिसाव्या शतकात. पुढं विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांचे हात लागले. मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून मराठीत शुकबहात्तरी होती. तिथं डाव उलटा. नवरा व्यापाराला गेलेला, प्रभावती रोज संध्याकाळी दुसऱ्याकडे जायला निघते आणि पिंजऱ्यातला पोपट गोष्ट सांगून तिला उंबऱ्याच्या आत ठेवतो. तीच अर्धी गोष्ट, तोच ‘उद्या’, पण इथं ती बाईला अडवण्यासाठी. हत्यार एकच, धरणारा कोण यावर सगळं.

म्हशीच्या कोड्याचं मला काहीतरी आठवतंय. पुस्तक माळ्यावर आहे. बघून सांगतो.

अनगोळची सून

सगळे छान छान लिहिताय म्हणून मुद्दाम लिहिते. मला या कथा वाचताना त्रास होतो. शहरजाद शेवटी कुणाबरोबर संसार करते? ज्यानं तिच्याआधी तेवढ्या मुली मारल्या, त्याच माणसाबरोबर, आणि त्याला मुलं देऊन. इब्न अन-नदीमच्या हकिकतीतही मूल दाखवल्यावरच तो राजा वळतो असं मी वाचलंय. म्हणजे हजार रात्री गोष्टी सांगून पुरलं नाहीच.

आणि मलप्रभाताई, राग मानू नका. तुमच्या आज्जीनं घर सांभाळलं, मान्य. पण मार थोरलीनंही खाल्ला. दिवसभर शेतात, अंगावर पितं पोर, आणि रात्री डोळे ताणून हूं म्हणत बसायचं. तिचं नाव कोण घेतं? मदनिकेला राजानं काय दिलं? दीनारजादला काय मिळालं?

मलप्रभाकाठ

राग कसला. हे कुणीतरी विचारायला हवं होतं.

पुढच्या आवृत्त्यांत दीनारजादचं लग्न सुलतानाच्या भावाशी लावून देतात. तो भाऊही तसाच बायका मारणारा. तिला विचारलं होतं की नाही, ते कुठं येत नाही. मदनिकेचं पुढं काहीच नाही.

थोरलीचं मात्र मी सांगू शकते. आज्जी गेल्यावर ती नऊ वर्षं होती. आम्ही तिला थोरली आज्जीच म्हणायचो. शेवटी डोळ्यांना दिसत नव्हतं, कानही गेले होते, त्यामुळं तिच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागायचं. मी कॉलेजात असताना एकदा तिला ओरडूनच म्हटलं, “आज्जी किती हुशार होती नव्हं!” ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “व्हती. पर इसरायची.”

विसरायची म्हणजे? मग तिनं सांगितलं. आज्जीला माहेरून आणलेल्या गोष्टी थोड्याच येत होत्या. पंधरा-वीस दिवसांत संपल्या. मग ती जोडून जोडून सांगायला लागली आणि मधेच अडायची. पुढं काय ते सुचायचं नाही. आणि गोष्ट अडली की पडवीतून खोकला सुरू व्हायचा. तेव्हा थोरली विचारायची, “त्या राणीचं लुगडं कुठल्या रंगाचं होतं गे?” आज्जी म्हणायची, हिरवं. “इरकली की साधं?” इरकली. “पदराला टोप होता?” होता. तेवढ्या वेळात आज्जीला पुढचं सुचायचं. कधी मुद्दाम चुकीचं बोलायची, “तो मेला की काल!” म्हणजे आज्जीला “न्हाई गे, तो त्याचा भाऊ” म्हणून आणखी एक माणूस गोष्टीत घालता यायचा. कधी पोराला चिमटा काढून रडवायची. त्याला निजवेपर्यंत गोष्ट थांबायची आणि मामंजी तसेच पडून राहायचे.

हे आज्जीनं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मला वाटतं तिला ते माहीतच नसावं. तिला वाटत असेल जाऊ भोळी आहे, तिला सगळं समजावून सांगावं लागतं.

अनगोळच्या ताई, तुम्ही विचारलं नसतं तर मी इथं आज्जीचंच कौतुक लिहून थांबले असते. थोरल्या आज्जीचं नाव सगुणा.

अनगोळची सून

सगुणाबाईंना नमस्कार. पोराला चिमटा काढणारी आई! तिच्या मनाचं काय झालं असेल.

हुक्केरीचा जावई

मी मराठी, बायको कन्नड, घरात दोन्ही चालतं. सासूबाईंकडून ऐकलेली गोष्ट सांगतो. कवी आणि लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी ही कथा कन्नडमधून जगापुढं नेली. ते १९५० च्या दशकात बेळगावातच कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि या भागातल्या बायकांकडून त्यांनी पुष्कळ गोष्टी ऐकल्या.

एका बाईला एक गोष्ट येत होती आणि एक गाणं. पण ती कुणाला सांगायची नाही. पोटात ठेवून होती. आत कोंडून कोंडून गोष्ट आणि गाणं दोघंही घुसमटली. एक दिवस ती तोंड उघडं टाकून झोपली, तशी गोष्ट बाहेर पडली आणि दारात चपलांचा जोड होऊन बसली. गाणं निघालं आणि पुरुषाचा अंगरखा होऊन खुंटीवर लटकलं. नवरा घरी आला. हे कुणाचं? तिला ठाऊक नाही. कोण आलं होतं? कुणी नाही. भांडण झालं, आणि तो घोंगडं घेऊन मारुतीच्या देवळात झोपायला गेला.

आता गावातले दिवे रात्री मालवले की त्यांच्या ज्योती त्या देवळात जमायच्या, गप्पा मारायला. त्या रात्री एक ज्योत उशिरा आली. का गं उशीर? आमच्या घरी नवरा-बायकोचं भांडण झालं, दिवा लवकर मालवलाच नाही. कशावरून? मग ती ज्योत सगळं सांगते, चपला कोण आणि अंगरखा कोण. नवरा घोंगड्यात पडून ऐकतो. संशय फिटतो. घरी येऊन बायकोला म्हणतो, तुझी ती गोष्ट सांग. ती म्हणते, कुठली गोष्ट?

तिला आता काहीच आठवत नाही.

सासूबाई इथं थांबतात. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा “मुंद एनातु?” म्हणजे पुढं काय झालं, असं विचारलं. पुढं काही नाही, म्हणाल्या. तुमचा धागा वाचून आज दोन गोष्टी दिसल्या. इथंही नवऱ्याला खरं कळतं ते आडून, ज्योती एकमेकींशी बोलतात म्हणून. आणि या बाईला मदनिका नव्हती. घरात विचारणारं कुणी असतं, तर गोष्ट पोटात कशाला राहिली असती? घरात दिवा रोज जळत होता, त्याला सगळं माहीत होतं, पण तो देवळात जाऊन बोलला.

तांबडीमाती

मागं तोंडात खडीसाखर ठेवून बसलेल्या आमच्या आत्या आठवल्या. एक शब्द कधी बोलल्या नाहीत. जास्त लिहवत नाही.

श्रावणसरी

आदित्यराणूबाईच्या कहाणीचा इथं उल्लेख कसा नाही? आमच्याकडं बेळगुंदीला श्रावणातल्या आदितवारी अजून वाचतात. बाप थोरल्या लेकीकडं जातो, ती राणी झालेली. माझी कहाणी ऐक म्हणतो. ती म्हणते, मला वेळ नाही, राजा शिकारीला जायचाय. तिला दरिद्र येतं. धाकटी प्रधानाची बायको, ती ऐकते, तिचं भलं होतं. इथवर आपल्याला वाटतं की बापाचा मान ठेवला नाही म्हणून शिक्षा झाली. पण खरी गंमत पुढं आहे. तीच राणी पुढं वसा घेते आणि आता तिला ऐकणारं कुणी मिळेना. कहाणी सांगितल्याशिवाय घास घ्यायचा नाही. मुक्कामाला थांबलं की स्वयंपाक तयार, आणि शोध चालू : कुणी उपाशी आहे का बघा. मोळीविक्या सापडतो. सहा मोत्यं, तीन त्याला दिली, तीन आपण घेतली. ‘राणीनं कहाणी मनोभावे सांगितली, त्यानं ती चित्तभावे ऐकली.’ मोळी सोन्याची झाली. मग मळा सुकलेला माळी, मग मुलगा हरवलेली म्हातारी, आणि शेवटी तो हातपाय नसलेला, काणाडोळा, मांसाचा गोळा. तोही ऐकतो, आणि त्याला हातपाय येतात.

मोत्यांची वाटणी बघा. तीन आणि तीन. सांगणारीला जास्त नाही, ऐकणाऱ्याला कमी नाही. अनगोळच्या ताईंनी विचारलं ना, हूं म्हणणारीला काय मिळालं? आपल्या कहाणीनं तो हिशेब आधीच मांडून ठेवलाय.

जांभूळवाट

सावित्री राहिली. यमाच्या मागं चालत राहिली आणि बोलत राहिली. सात पावलं बरोबर चाललं की मैत्री होते म्हणाली, आणि एकेक वर घेत गेली. सासऱ्याचे डोळे, सासऱ्याचं राज्य, बापाला शंभर पुत्र, स्वतःला शंभर पुत्र. तिथं यम अडकला.

जुनी पोथी

वनपर्वातली सावित्री थोरच आहे, पण ती गोष्ट सांगत नाही, धर्म सांगते, आणि यमाच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगते. यम मुळात न्यायी. न्यायी माणसाशी समोरासमोर बोलता येतं. मलप्रभाताईंचा मुद्दा जिथं न्याय नाही अशा घरांचा आहे.

आणि पुस्तक सापडलं. कनकमंजरीनं मदनिकेला सांगितलेल्या गोष्टींतच तुमचं कोडं आहे. फक्त तिथं म्हशीच्या जागी उंट. उंटाला बाभूळ दिसते. मान लांबवतो, खूप धडपडतो, तोंड पोचत नाही. चिडतो आणि तिच्या डोक्यावर घाण करून निघून जातो. मदनिका विचारते, तोंड पोचलं नाही तर हे कसं? कनकमंजरी म्हणते, उद्या.

दुसऱ्या रात्रीचं उत्तर : बाभूळ पडक्या विहिरीच्या तळात उगवलेली होती.

तांबडीमाती

विहीर! दरीच्या इतकं जवळ येऊन सुटलं.

मलप्रभाकाठ

हात थरथरतोय, कसं लिहू.

आमच्या घराच्या मागं परड्यात एक जुना आड आहे. पाणी आटलं म्हणून वापरात नव्हता, काठाचे दगड ढासळलेले. त्याच्या आत उंबर उगवलेला. शेंडा काठाच्या हातभर खाली. गोठ्यातून म्हशी सोडल्या की त्या हमखास तिकडं जायच्या, मान खाली घालून हुंगायच्या, आणि आज्जी ओरडायची, “हाऽऽ, पडशील गे!” आम्ही पोरं आडात वाकून बघायचो तेव्हा उंबराच्या पानांवर वाळलेलं शेण असायचं. मी ते स्वतः बघितलंय. कितीदा तरी.

मामंजी रोज सकाळी त्याच आडाच्या कट्ट्यावर बसून तोंड धूत. रात्री अर्धी गोष्ट ऐकून सकाळी तिथंच बसत असतील.

उंट कुठं, राजस्थान कुठं, आणि जांबोटीच्या पावसात ही गोष्ट कुणाबरोबर आली आणि उंटाची म्हैस कधी झाली, ते आता विचारायला कुणी नाही. आज्जी माहेरची नंदगडची. तिथं बाजार मोठा भरायचा, एवढं ती सांगायची.

काकूंना आत्ताच भिंतीवरून हाक मारून सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग? पुढं?”

उद्या रविवार आहे. लेकीला घेऊन गावी जाते. आधी तिला आडापाशी नेते, मग विचारते, म्हशीचं तोंड पोचलं नाही तर शेण शेंड्यावर कसं पडलं ते.